नखाएवढा उजेड

"सासूबाई आल्या, वाट द्या," मोठ्या सिस्टरनं दबक्या आवाजात सांगितलं आणि दोन खाटांमधलं स्टूल पायानंच बाजूला सारलं.

सासूबाई म्हणजे कॅमेऱ्याची गाडी. तिचं एक चाक अडकायचं, त्यामुळे ती दर हातभर अंतराला कुरकुर करत यायची, आणि ती आली की सगळ्यांना उठून जागा करून द्यावी लागायची; म्हणून हे नाव. तान्ह्या बाळांच्या त्या वॉर्डात एवढाच काय तो विनोद चालायचा. गाडी ढकलणारी बाई मात्र त्यावर कधी हसायची नाही. तिला सगळे कॅमेराताई म्हणत. तिनं गाडी खिडकीजवळच्या खाटेशी लावली, चाकाला खीळ घातली, वायर भिंतीत खोचली आणि खिडकीचा पडदा ओढून घेतला. खाटेपुरती संध्याकाळ झाली.

काचवाला खाटेच्या पायथ्याशी उभा होता. घरोघरच्या खिडक्यांना तावदानं बसवायची, दुकानांच्या दर्शनी काचा उभ्या करायच्या, गाड्यांच्या काचांवर काळी फिल्म चढवायची, हे त्याचं काम. बोटांवर जुन्या चिरांच्या पांढऱ्या रेघा होत्या. ती बोटं आता खाटेचा लोखंडी कठडा घट्ट धरून होती. खाटेवर त्याची लेक झोपली होती. नाकाशी प्राणवायूची बारीक नळी, गालावर ती चिकटवलेली पट्टी, आणि छाती अशी भराभर वरखाली होत होती, जणू आतून कुणी घाईघाईनं दार वाजवतंय.

छातीत कफ दाटला म्हणून काल तिला आणली होती. तशी ती इथलीच. दिवस भरायच्या कितीतरी आधी ती इथं जन्मली आणि इथंच काचेच्या पेटीत वाढली. बायकोच्या आत्यानं पहिल्यांदा तिला पाहिलं तेव्हा तोंडावर हात ठेवून ती म्हणाली होती, "अगं बाई, हे बाळ म्हणायचं का पसाभर दाणे?" तेव्हापासून ती पसाबाई. दुसरं नाव ठेवायचं राहूनच गेलं होतं.

काल भरती करून घेताना मोठ्या सिस्टरनं तिच्या डोळ्यांकडे बघितलं होतं. एकदा बघितलं, मग बोट डावीकडून उजवीकडे नेत पुन्हा बघितलं. मग काही न बोलता फोन उचलून तिनं कॅमेराताईला बोलावणं धाडलं होतं.

"थेंब किती वेळा घातले?" कॅमेराताईनं विचारलं.

"दोनदा. परत एकदा घातले, म्हणजे तीनदा धरा," सिस्टर म्हणाली. "बाहुली मोठी होतच नाहीये."

कॅमेराताईनं छोट्या बॅटरीनं एका डोळ्यात पाहिलं, बॅटरी विझवली आणि खिशात टाकली. दुसऱ्या डोळ्यात तिनं पाहिलंच नाही.

तेवढ्यात बाळाची आई आली. हातात चमचाभर दूध मावेल एवढी वाटी होती, आणि आई ती दोन्ही हातांनी धरून चालत होती, भरलेली घागर आणावी तशी.

"ताई, एवढं पुरेल?"

"पुष्कळ झालं. दोनच थेंब लागतात, जिभेवर. तेवढंच तिचं लक्ष तिकडे जातं."

आई वाटी देऊन निघाली नाही. गाडीकडे बघत राहिली. ओळखीचं माणूस फार दिवसांनी भेटावं तसं तिच्या तोंडावर हसू आलं.

"मशीन झालं म्हणायचं दुरुस्त. बरं झालं बाई. मी रोज विचारायची यांना, आलं का बोलावणं, आलं का बोलावणं. हे म्हणायचे, बिघडलंय अजून, झालं की कळवतील."

कॅमेराताईचा हात हातमोज्यात अर्धाच शिरला होता. तिनं काचवाल्याकडे पाहिलं.

"तू जा," काचवाला बायकोला म्हणाला. "पुढच्या वेळचं दूध काढून ठेव. सिस्टर म्हणाल्या ना, नळीनं द्यायचंय."

"जाते की. मला कुठे थांबू देतात इथं." ती वळली आणि पुन्हा मागे आली. "ती रडली तर घाबरू नका हं. तिच्या आधी तुमचाच रंग उडतो."

ती गेली. दार तिच्यामागे हळू हळू येत बंद झालं.

"आमचं मशीन कधीच बिघडलं नव्हतं," कॅमेराताई म्हणाली. आवाजात राग नव्हता. तिनं दुसरा हातमोजा चढवला.

काचवाल्यानं कठड्यावरची पकड एकदा सोडली, परत धरली.

त्या वेळी, म्हणजे पसाबाईला पहिल्यांदा घरी सोडायचं होतं त्या सकाळी, त्यानं ही तपासणी दाराच्या काचेतून पाहिली होती. बघू नका म्हणून सांगितलं असताना पाहिली होती. एवढ्याशा पापण्या, त्या उघड्या ठेवायला तारेची चिमटी. डोळ्यावर गोंदासारखं काहीतरी ओतलं आणि त्यावर एक जाड नळकांडं उभं टेकवलं, आणि त्यातून असा पांढराफटक उजेड आत सोडला, की बाळाचा सगळा चेहरा आतून पेटल्यासारखा दिसला. ती किंचाळली. काचेपलीकडे आवाज येत नव्हता, फक्त तोंड उघडं दिसत होतं. मग तोंड उघडंच राहिलं आणि ओठ निळे पडले. मोठी सिस्टर तिची पाठ चोळत होती. श्वास परत यायला किती वेळ गेला, त्याला माहीत नाही. त्याच्या हिशेबी तो अजून पुरता आलेला नव्हता.

नंतर कॅमेराताई बाहेर आली होती. पडद्यावरचं चित्र तिनं दाखवलं होतं. केशरी गोल, मावळतीच्या सूर्याएवढा भरलेला, त्यात लाल धाग्यांची नक्षी. "या रक्तवाहिन्या अजून कडेपर्यंत पोचल्या नाहीत," ती म्हणाली होती. "वाट चुकू नयेत म्हणून लक्ष ठेवायचं. पुढच्या आठवड्यात परत आणा, चुकवू नका." मग दुसऱ्या बाळाकडे वळता वळता म्हणाली होती, "आणि डोळ्यांत औषध आहे, बाहुल्या मोठ्या झाल्यात. उजेड लागू देऊ नका."

तो घरी गेला आणि त्यानं उजेड लागू दिला नाही.

ज्या माणसानं आयुष्यभर लोकांच्या घरात उजेड आणून सोडला, त्यानं आपल्या घराची एकूणएक तावदानं काळी केली. गाड्यांना लावायची ती फिल्म, दुहेरी. दाराच्या फटीला कापडाची वळकटी. स्वयंपाकाच्या ओट्यावरच्या दिव्याला निळा कागद. काम फार सफाईचं झालं होतं. एकही बुडबुडा राहू दिला नव्हता. शेजारी हसले. "काचवाल्याच्या घरात रात्र भाड्यानं राहते," कुणीतरी म्हणालं आणि ते गल्लीभर झालं. त्यानं मनावर घेतलं नाही. दूध कोमट झालं की नाही ते तो अंधारात मनगटावर थेंब टाकून सांगायचा. लंगोट बदलायला शिकला, चाचपून. बायको भिंतीला टेकून बसायची, मांडीवर लेक, आणि जुन्या चालीवर स्वतःचे शब्द बसवून म्हणायची:

पसाभर माझी लेक, काळोखाच्या पदरात
डोळे उघड गं बाई, बघ कोण आलं दारात

तो दारातून आत येतानाच ती हे म्हणायची. तिला त्याची पावलं कळायची.

आठवडा झाला. रुग्णालयातून फोन आला तेव्हा तो एका दुकानाची मोठी काच उभी करत होता. एका खांद्यावर काच, एका कानाला फोन. बाहेर रणरणतं ऊन होतं. या उन्हातून तिला आणायचं, आणि आणून परत त्या नळकांड्याखाली द्यायचं. एकीकडे म्हणतात उजेड लागू देऊ नका, आणि स्वतःच डोळ्यांत ओततात. त्याला ते निळे ओठ दिसले. "आम्ही दुसरीकडे दाखवलं," तो म्हणाला. "सगळं चांगलं आहे म्हणाले." तोंडातून शब्द गेला तसं खांद्यावरचं ओझं हलकं झाल्यासारखं वाटलं. पुढचा फोन आला तेव्हा पुन्हा तेच सांगणं सोपं गेलं. त्यानंतर फोन आला नाही, आठवड्यांमागून आठवडे गेले. बायकोला मात्र काय सांगायचं? ती विचारणार होती. म्हणून मशीन बिघडलं.

"धरा," सिस्टर म्हणाली. "उभेच आहात तर पाय धरा. हलक्या हातानं."

तिनं पसाबाईला दुपट्यात गुंडाळली, हात आत, फक्त तोंड बाहेर. जिभेवर दुधाचा थेंब ठेवला. तान्ही जीभ हलली, ओठ चुटचुटले. सिस्टरनं डोकं दोन तळव्यांत घेतलं. काचवाल्यानं दुपट्यावरून दोन्ही पावलं धरली. ती त्याच्या मुठीत पूर्ण मावली.

कॅमेराताईनं चिमटी लावली, गोंद ओतला, नळकांडं टेकवलं.

पसाबाई रडली. पण ते रडणं त्या दिवसासारखं नव्हतं. चिमटी लागली तेव्हा ती रडली. उजेड आत शिरला तेव्हा तिच्यात काहीच बदललं नाही. पाय आखडले नाहीत, मान फिरली नाही. काचवाल्याच्या मुठीतली पावलं जशी होती तशीच राहिली. त्याला आधी बरं वाटलं. वाटलं, शहाणी झाली लेक, घाबरेनाशी झाली. मग त्यानं मान वर करून पडद्याकडे पाहिलं.

केशरी गोल नव्हता. राखेच्या रंगाचं काहीतरी होतं, धुरकट, घड्या पडलेलं. कॅमेराताई नळकांडं थोडं तिरकं करत होती, परत सरळ करत होती, आणखी कुठून काही दिसतं का बघत होती. कुठूनच वेगळं दिसत नव्हतं.

काचवाल्यानं अशी काच पाहिली होती. दोन काचा एकीला एक जोडून बसवतात, थंडी-उष्णता अडावी म्हणून, आणि मधल्या पोकळीत कधी ओल शिरते. मग घरातली बाई आतून पुसते, बाहेरून पुसते, आणि त्याला बोलावून म्हणते, अहो जातच नाही. ते कसं जाणार? ते मध्ये असतं. तिथं हात पोचत नाही. अशा वेळी तो आख्खी काच काढून नवी बसवून द्यायचा.

"दुसरा," कॅमेराताई म्हणाली.

दुसऱ्या डोळ्यात एका बाजूला थोडं केशरी उरलं होतं. त्याच्या कडेनं पांढरी लाट उठल्यासारखी दिसत होती, आणि धागे सगळे तिकडे ओढले गेले होते. विणलेलं कापड एका टोकाला खिळ्यात अडकावं आणि सगळी वीण ताणली जावी तसे. कॅमेराताईनं बरीच चित्रं घेतली. मग चिमटी काढली, आणि हातमोजा न काढताच तिनं पसाबाईच्या कपाळावर दोन बोटं ठेवली. तसं ती कुणाला करताना सिस्टरनं कधी पाहिलं नव्हतं. सिस्टर दुसरीकडे बघू लागली.

"काय आहे, ताई?"

"मॅडम सांगतील."

"तुम्हाला दिसलं ना पण."

"दिसलं," कॅमेराताई म्हणाली. "पण सांगायचं मॅडमनी."

डोळ्यांच्या मॅडम खालच्या मजल्यावर होत्या. त्या आल्या, पडद्यावर चित्रं पाहिली, कपाळाला दिवा बांधून हातातल्या भिंगातून स्वतः पुन्हा पाहिलं. नंतर स्टूल ओढून बसल्या आणि काचवाल्यालाही बसायला सांगितलं. बसायला दुसरं काही नव्हतं. तो उभाच राहिला. मॅडमही मग उठून उभ्या राहिल्या.

"उजव्या डोळ्याचा मागचा पडदा पूर्ण सुटून आलाय," त्या म्हणाल्या. "त्या डोळ्यानं तिला दिसत नाही. आता दिसणारही नाही. डावा अर्धवट सुटलाय."

"औषध?"

"औषधाची, लेझरची वेळ गेली. डाव्याचं मोठं ऑपरेशन करून बघता येईल. ते इथं होत नाही, मी बोलते त्यांच्याशी. छाती सुधारली की लगेच न्यायची. पण मी खोटी आशा दाखवत नाही. चांगलं झालं तर उजेड आणि अंधार तिला कळेल. समोर कुणी हललं तर कदाचित कळेल. माणसाचा चेहरा..." त्यांनी वाक्य तसंच ठेवलं.

काचवाल्यानं लेकीच्या पायांवरचं दुपटं सारखं केलं.

"मी उजेड लागू दिला नाही," तो म्हणाला. "एक दिवससुद्धा नाही. सगळं घर काळं केलं. फिल्म लावली, दुहेरी. ताई म्हणाल्या होत्या ना."

मॅडमना कळेना. त्यांनी कॅमेराताईकडे पाहिलं.

"संध्याकाळपुरतं," कॅमेराताई म्हणाली. "औषधाचा अंमल उतरेपर्यंत."

"तुम्ही संध्याकाळपुरतं म्हणाला नव्हता."

"म्हणाले नसेन."

"हे बघा," मॅडम म्हणाल्या, "उजेडाचा याच्याशी काही संबंध नाही. अंधारात ठेवलीत म्हणून बिघडलं नाही. उन्हात ठेवली असतीत तरी बिघडलं नसतं. ही मुलं लवकर जन्मतात, डोळ्यातल्या रक्तवाहिन्या अर्धवट असतात, आणि काहींच्या वेड्यावाकड्या वाढून पडदा ओढून काढतात. कुणाचा दोष नाही. फक्त ते वेळेत दिसावं लागतं. म्हणून तर फिरून फिरून बघतो आम्ही."

"वेळेत आणली असती तर?"

मॅडमनी कपाळावरचा दिवा सोडला. पट्ट्याची खूण कपाळावर उमटली होती.

"बहुतेकांचे डोळे वाचतात," त्या म्हणाल्या.

शेजारच्या खाटेवरचं यंत्र वाजायला लागलं. सिस्टर गेली, काहीतरी दाबून ते थांबवलं आणि तिकडेच राहिली.

"तुम्ही दुसरीकडे दाखवलं, असं फोनवर सांगितलंत. कुणी बघितलं तेव्हा?"

"कुणी नाही."

मॅडम रागावल्या असत्या तर त्याला बरं झालं असतं. त्यांनी भिंग रुमालात गुंडाळलं, डबीत ठेवलं.

"आईला माहीत आहे हे?"

"नाही."

"मग तिलाही बोलवा. दोघांना एकत्र सांगते."

"मी सांगतो." तो पहिल्यांदाच घाईनं बोलला. "मॅडम, मला सांगू द्या. माझ्या तोंडून कळू दे तिला."

मॅडमनी त्याच्याकडे नीट पाहिलं. माणसं असं मागतात. बऱ्याचदा ते प्रेमापोटीच असतं. "आजच सांगा मग," त्या म्हणाल्या. "उशीर नका करू. ऑपरेशनचं ठरवताना मी तिच्याशी बोलणारच आहे." आणि त्या खाली गेल्या, तिथं रांग थांबली होती.

कॅमेराताई चित्रं साठवत राहिली. एकेक चित्र पडद्यावर यायचं आणि जायचं. काचवाल्यानं सिस्टरचं स्टूल घेतलं आणि खाटेला लागून बसला. पसाबाई जागी होती. रडून दमली होती, आणि डोळे उघडे ठेवून पडली होती. त्यानं तिच्या तोंडासमोर हात धरला. मग बाजूला नेला. मग परत आणला. मग तो हात त्यानं स्वतःच्या मांडीखाली दाबून ठेवला.

काय सांगायचं, ते तो मनात जुळवू लागला. पहिलं वाक्य सापडत होतं. मशीन बिघडलं नव्हतं. तीनच शब्द. त्याच्यापुढचं आपोआप येईल. ती ओरडेल. ओरडू दे. आत्याच्या घरी निघून जाईल, लेकीला घेऊन. जाऊ दे. हे सगळं तो मनातल्या मनात होऊ देत होता, आणि प्रत्येक वेळी ती दाराशी पोचली की तिला थांबवत होता.

दार उघडलं. ती आली. दुधाची बाटली तिनं कापडात गुंडाळून छातीशी धरली होती, ऊब राहावी म्हणून. तिनं एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि तिची पावलं हळू झाली.

"रडली का फार?"

"थोडी."

"काय म्हणाल्या?"

तो उठून उभा राहिला. "एक डोळा गेलाय," तो म्हणाला. "दुसऱ्याचं ऑपरेशन करून बघू म्हणतात. फार काही दिसेल असं नाही."

ती रडली नाही. तिनं बाटली स्टुलावर ठेवली. ती कलंडेल असं वाटून जरा आत सरकवली. मग खाटेच्या कठड्यावर हात ठेवून लेकीकडे बघत म्हणाली,

"मला माहीत होतं."

फोन, मशीन, सगळं एकदम काचवाल्याच्या डोळ्यांपुढे आलं. हिला कुणी सांगितलं? सिस्टरनं? कधी?

"मीच केलं हे," ती म्हणाली.

"काय?"

"न्हाणीघराकडचं तावदान. खालचा कोपरा. तुम्ही कामावर गेलात की मी... केसातल्या आकड्यानं खरवडलं मी तिथं. फिल्म." ती लेकीकडेच बघत होती. "अहो, मला तिचं तोंडच दिसत नव्हतं. एवढी पोटची पोर, आणि कुणावर गेलीये तेसुद्धा सांगता येईना. हातानं किती चाचपायचं? ऊन तिथून आत यायचं, एवढुसं. मी तिला तिथं धरायची. आधी गाल बघायची. मग नाक. तुमचंच नाक आहे. मग हनुवटी. मग..." तिनं ओठ आत घेतले. "डोळा."

कॅमेराताई खाटेच्या पलीकडच्या बाजूला उभी होती. ओल्या कापसानं ती पसाबाईच्या गालावर सुकलेला गोंद टिपत होती.

"पहिल्या पहिल्यांदा ती डोळे मिटून घ्यायची. नाक मुरडायची. मला इतकं हसू यायचं. मग मिटेनाशी झाली. मी म्हटलं, सवय झाली. रोज म्हणायची, सवय झाली. मग एक दिवस कळलं, जळाले म्हणून. मी जाळले. तुम्ही एवढं सांगून ठेवलं होतं. एवढं घर बंद केलंत, लोकांची बोलणी खाल्लीत, आणि मी तुमच्या पाठीमागे..." तिचा आवाज गेला. ती नुसते ओठ हलवत होती. मग आवाज परत आला. "तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही. लवकर सांगितलं असतं तर तुम्ही उचलून आणलंच असतं तिला. मशीन असो नाहीतर नसो."

उजेडाचा याच्याशी काही संबंध नाही. ते वाक्य काचवाल्याच्या जिभेवर तयार होतं. मॅडमनी ते दिलंच होतं, आयतं. तेवढं एक वाक्य उच्चारलं की समोरची बाई श्वास सोडणार होती. ती विचारणार होती, खरंच? तो म्हणणार होता, खरंच. आणि मग ती, अगदी साधेपणानं, भाजी का करपली हे विचारावं तशी विचारणार होती: मग कशानं झालं?

कॅमेराताईचा हात थांबला होता. कापसाचा बोळा पसाबाईच्या गालावर तसाच टेकून राहिला होता. ती आपल्याकडे बघतेय, हे काचवाल्याला मान वर न करता कळत होतं. त्यानं मान वर केली नाही.

"केवढं होतं?" त्यानं विचारलं.

"काय?"

"भोक."

"नखाएवढं." तिनं करंगळी दाखवली. "एवढंच. शपथ."

त्यानं ती करंगळी आपल्या हातात घेतली. कुठल्याशा खाटेवर एक बाळ उचकी देऊन थांबलं, परत उचकी दिली.

"जाऊ दे," तो म्हणाला. "तुला कुठे माहीत होतं."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. जे ऐकलं ते खरं आहे का, हे पाहावं तशी. मग तिचा सगळा चेहरा मोडला. तिनं त्याचे दोन्ही हात ओढून घेतले, त्या पांढऱ्या रेघांच्या बोटांवर कपाळ टेकलं, आणि आता ती रडली. आवाज होऊ नये म्हणून दात आवळून, खांदे हलवत रडली.

"दुसरा कुणी असता," ती त्याच्या हातांतच बोलत होती, "तर मला उंबऱ्यात उभी केली नसती. तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत. एका शब्दानं."

"हळू. दचकेल ती."

"मी सांगेन तिला. मोठी झाली की मीच सांगेन, तुझे डोळे माझ्यामुळे गेले म्हणून. तुमच्यावर बोल नाही येऊ द्यायची मी."

"बरं," तो म्हणाला.